दोघांत बसवलेली गाणी

मास्तरांनी मला खोली दिली ती माझी बोटं बघून. त्या वर्षी मी नांदेडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवायला लागलो होतो आणि जुन्या नांदेडातल्या, नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्यांमधून खोली शोधत हिंडत होतो. घरमालक सहसा विचारतात, लग्न झालंय का, मटण शिजवता का, गावाकडची माणसं किती येतील. मास्तरांनी यातलं काहीच विचारलं नाही. "हात दाखवा," म्हणाले. मला वाटलं, हे ज्योतिष बघतात. मी तळहात पुढे केला. त्यांनी तो पालथा केला, अंगठा आणि करंगळी धरून ताणली आणि मधलं अंतर डोळे बारीक करून पाहिलं.

"पेटी वाजवता, सर?"

"वडील वाजवायचे, भजनात. आमचं गाव जळकोटकडं. मी आपलं जरा जरा."

"जरा जरा पुरं हाय. खालच्या 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत हात पुरतोय तुमचा. राहा."

अट एकच होती. रोज संध्याकाळी पाच ते सहा खाली त्यांच्या खोलीत यायचं. "म्या फुंकतो, तुमी क्याशो वाजवायचा. बाकी वर काय बी करा, मटण करा न्हाई तर मारामारी करा."

गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा संबंध चौथीतच संपला होता. ते बँडमास्तर. लग्नाच्या बँडमध्ये पस्तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवून, त्यातली शेवटची काही वर्षं बँड चालवून, ते घरी बसले होते. वय सत्तरीला टेकलेलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगी उमरीला दिलेली, ती महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी हाती शेंगदाण्याची चटणी पाठवायची. बाकी घरात मास्तर, क्लॅरिनेट, ते ज्याला क्याशो म्हणत तो जुना कॅसिओ कीबोर्ड, दोन खुर्च्या आणि चार पत्र्याच्या ट्रंका.

त्या ट्रंकांत काय आहे हे कळायला मला आठवडा लागला. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत, ऑस्ट्रियात, पोलंडात, नॉर्वेत लिहिलं गेलेलं संगीत त्यांत होतं. मूळचं ते कुठं गाणाऱ्या बाईसाठी होतं, कुठं पन्नास वादकांच्या ताफ्यासाठी, कुठं नुसत्या व्हायोलिनसाठी. मास्तरांनी ते सगळं एक क्लॅरिनेट आणि एक पियानो अशा दोघांसाठी नव्यानं बसवलं होतं. तीस वर्षं ते हेच करत होते. सकाळी कुणाचं तरी लग्न वाजवायचं, दुपारी घरी येऊन तो झालरीचा कोट खुंटीला अडकवायचा आणि बनियनवर बसून जर्मनी.

हे लिहायचं कशावर, तर लग्नपत्रिकांवर. ओळखीच्या छापखान्यात चुकून छापलेल्या पत्रिकांचे गठ्ठे पडलेले असत. नवऱ्या मुलाचं नाव चुकलेलं, तिथी चुकलेली, एका पत्रिकेत तर नवरीच्या जागी नवरीच्या आईचं नाव. मास्तर ते गठ्ठे उचलून आणत. पत्रिका उलगडली की मागची बाजू कोरी. पाच रिफिली एका लाकडी पट्टीला दोऱ्यानं बांधून त्यांनी एक अवजार केलं होतं. ते एकदा ओढलं की कागदावर पाच समांतर रेघा उठत. त्या रेघांवर मग पाश्चात्य पद्धतीनं स्वर. म्हणजे एका बाजूला श्रीगणेशाय नमः आणि आमच्या येथे श्रीकृपेकरून, आणि दुसऱ्या बाजूला कुठल्या तरी बर्फाळ गावातलं विरहाचं गाणं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलो. मास्तर हसले नाहीत. "कागद कागद असतो," एवढंच म्हणाले.

त्या संगीतकारांची नावं ते कधी घेत नसत. "ज्याचं नाव तोंडात नीट बसत न्हाई त्याचं घेऊ नये. देव असो का मानूस." म्हणून सगळ्यांना खुणा होत्या. एक होता पोलंडवाला. एक दाढीवाला. एक होता ऐन भरात बहिरा झालेला, त्याचा विषय निघाला की मास्तर नकळत मोठ्यानं बोलायचे. आणि एक होता तिशी उलटते न उलटते तोच गेलेला, त्याला ते 'आजारी पोरगं' म्हणत. "आज आजारी पोराचं घेऊ," म्हणाले की मी समजायचो, मास्तरांचा दिवस बरा गेलेला नाही.

हा नाद लागला कसा, ते त्यांनी मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. तिशीत असताना त्यांचा बँड सिकंदराबादला एका ख्रिश्चन लग्नाला गेला होता. बँडवाल्यांना अंगणात बसवलं होतं. आत हॉलमध्ये एक म्हातारी बाई पियानोवर आणि एक जाडा गृहस्थ क्लॅरिनेटवर काहीतरी वाजवत होते. मास्तर उठून खिडकीशी गेले.

"तवर मला वाटायचं, क्लॅरिनेट म्हंजे पळायचं. नवरदेवाच्या घोड्याफुडं पळायचं. त्या मानसानं एकच सूर धरला सर, अन् धरूनच ठिवला. खालून ती बाई त्या सुराच्या पायाखालची एकेक पायरी बदलून राहिली होती. सूर तोच, पन दर पायरीला येगळाच दिसायचा."

"मग?"

"मंग काय? नवरा-नवरी भाईर आले. आमाला वाजवावं लागलं."

त्या खेपेला सिकंदराबादच्या रद्दीच्या दुकानातून त्यांनी असल्या संगीताची दोन फाटकी पुस्तकं आणली. त्यातल्या रेघा वाचायला एका रिटायर झालेल्या मिलिटरी बँडवाल्याकडून शिकले. पुढं मोबाईल आला आणि मग घरबसल्या हवं ते मिळायला लागलं, तेव्हा तर त्यांची झोपच उडाली.

त्यांचं काम मला नीट कळायला वेळ लागला. पन्नास जणांचं वाजवणं दोघांवर आणायचं म्हणजे काय? मी विचारलं तर म्हणाले, "पन्नास जन पंगतीला बसलेत. अठ्ठेचाळीस जनांना उठवून घरी धाडायचं. पन कुनी उपाशी गेला असं वाटायला नको." कुठला सूर ठेवायचा, कुठला सोडायचा, यावर ते आठ-आठ दिवस घालवत. गाणाऱ्या बाईचं गाणं असलं की ती जिथं श्वास घेत असेल तिथं ते कागदावर बारीक खूण करत, आणि मग ते क्लॅरिनेटला झेपतं का हे बघत अंगणात फेऱ्या मारत. तोंडात रीड असायची. रीड म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाला लावतात ती वेताची पातळ पट्टी. वाजवण्याआधी ती भिजवावी लागते. मास्तर तिला गालात धरूनच भाजी आणायला जात, त्यामुळे भाजीवाल्यांना ते तोतरे वाटत.

एकदा मी सहज म्हणालो, "मास्तर, पियानो तर आपल्याकडं नाही. मग नुसत्या क्लॅरिनेटसाठीच का नाही बसवत?"

त्यांनी रीड तोंडातून काढली. "एकट्यानं वाजवलं तर त्याला रियाज म्हनतेत, सर. गान्याला दुसरं मानूस लागतं."

त्या घरात दुसरं माणूस नव्हतं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी भाडेकरू म्हणून नाही, दुसरा माणूस म्हणून ठेवला गेलो आहे. खरं सांगतो, मला त्याचं ओझं वाटलं. सत्तावीस वर्षांच्या पोराला संध्याकाळी पाच वाजता नांदेडात शंभर कामं असतात. मी कधी कधी मुद्दाम उशिरा यायचो. जिना चढायला लागलो की खालच्या खोलीत दिसायचं: मास्तर आपल्या खुर्चीत, क्लॅरिनेट जोडून मांडीवर घेतलेला, समोरच्या खुर्चीपुढं कॅसिओ मांडलेला, त्यावर कागद लावलेले. सात वाजलेले असायचे.

"वाट बघत होता का मास्तर?"

"न्हाई न्हाई. रीड भिजवून राहिलो होतो."

दोन तास रीड भिजत नसते. 

लग्नाला मात्र ते कुणाच्याही जात नसत. गेलेच तर आत जात नसत. आमच्या गल्लीतल्या एका लग्नाला मी त्यांना ओढून नेलं, तर हे मंगल कार्यालयाच्या फाटकाशीच थांबले. अक्षता पडल्या, जेवणं झाली, मास्तर तिथंच. बँडवाला मांडवात जात नाही, ही पस्तीस वर्षांची सवय. यजमान स्वतः येऊन हात धरून घेऊन गेले तेव्हा शेवटच्या पंगतीला कडेला बसले आणि कुणी वाढायला विसरलं तरी मागितलं नाही.

आता कॅसिओची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

पहिल्याच संध्याकाळी मास्तरांनी मला सांगितलं होतं, "क्याशो चालू केला की आदी दोन खाली करायचं." कॅसिओवर एक बटण असतं. ते दाबलं की सगळे स्वर वर किंवा खाली सरकतात, आपली बोटं मात्र होती तिथंच ठेवायची. दोन खाली केलं की क्लॅरिनेट आणि कॅसिओचं जमायचं. नाही केलं तर सवतीसारखे भांडायचे.

"असं कामून?" मी त्यांच्याच बोलीत कारण विचारलं.

"जपानी माल हाय तो. कंपनीतूनच दोन चढा येतो. तिकडच्या लोकायचे कान तसे. खरा पियानो तसा नसतो."

हा शोध त्यांचा एकट्याचा नव्हता. बँडमध्ये कॅसिओ आले तेव्हापासून आमच्या भागातले बँडवाले हेच धरून चालले होते. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. खरी गोष्ट अशी होती की कॅसिओ चढा नव्हता, क्लॅरिनेट उतरा होता. क्लॅरिनेटवाला कागदावर ज्याला सा समजतो तो पेटीवर शोधायला गेलं तर दोन पट्ट्या खाली सापडतो. ते वाद्य घडवतातच तसं. त्यांच्या बँडमधली बाकीची फुंकायची वाद्यंही त्याच मापाची, त्यामुळे आपसात कधी भांडण झालंच नाही आणि कुणाला काही कळायचं कारणच पडलं नाही. मास्तरांनी म्हणूनच तीस वर्षं क्लॅरिनेट आणि पियानो दोघांनाही एकाच 'सा'वरून लिहिलं होतं. खऱ्या पियानोवर ते दोघे एकमेकांपासून दोन पट्ट्या दूर पडणार होते.

आणि मला हे कळलं होतं. मी गावाहून वडिलांची पेटी आणली होती, तिच्यावर एकदा वाजवून बघितलं, तर पेटीही दोन चढीच निघाली. पेटी काही जपानहून आलेली नव्हती. मी मास्तरांना तसं म्हणालो. त्यांनी मान हलवली. "गोऱ्यांच्या मालाची नक्कल करताना पेटीवाल्यायनं पट्टी बिघडवली." मी गणिताचा माणूस. फळ्यावर मांडून दाखवल्यासारखं पटवून देता आलं असतं. पण तो एक तास असा वादात घालवायचा, त्यांचा चेहरा पडलेला बघायचा, हे नको वाटलं. मला काय, एक बटण तर दाबायचं होतं.

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपत आला असताना मास्तरांचा समोरचा वरचा दात हलायला लागला. क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात वाद्याच्या तोंडावर टेकवावे लागतात. ते गेले की सगळं गेलं. मास्तर दिवसातून दहादा आरशात बघायचे, जिभेनं दात चाचपायचे. एक दिवस वाजवताना मध्येच थांबले आणि म्हणाले, "सर, एकदा खऱ्या पियानोसंगं वाजवायचं हाय. एकच गानं. मंग दात पडू द्या, न्हाई तर म्या पडतो."

इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट.

लातूरला माझी मावसबहीण एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला होती. डॉक्टरांच्या घरी पियानो आहे, एवढं तिच्याकडून ऐकलं होतं. मुलीसाठी घेतलेला. मुलगी आठवीपर्यंत वाजवायची, मग लातूरला जे सगळ्या पोरांचं होतं तेच तिचं झालं, क्लास लागले आणि पियानोवर प्रश्नसंचांचे गठ्ठे साठले. ती आता मेडिकलला बाहेरगावी होती. पण डॉक्टरीणबाई हौशी. दरवर्षी हैदराबादहून माणूस बोलावून पियानो सुरात लावून घ्यायच्या. आम्ही येतो म्हटल्यावर त्यांनी तो त्याच आठवड्यात लावून घेतला.

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. मास्तरांनी पांढरा सदरा कडक इस्त्रीचा घातला होता. क्लॅरिनेटची पेटी मांडीवर, आजारी पोराच्या गाण्याचे कागद पिशवीत. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, मास्तर सगळा वेळ खिडकीकडं बघून बोटं हलवत होते. "बाई काय म्हनतील?" मध्येच विचारलं. मी म्हणालो, काय म्हणतील, चहा देतील.

डॉक्टरांच्या घरी त्यांनी चपला फाटकाशी काढल्या आणि पोर्चमध्ये उभे राहिले. बाईंना तीनदा "आत या ना" म्हणावं लागलं. पियानो बघितल्यावर मात्र ते सरळ त्याच्याकडं गेले आणि लाकडावरून हात फिरवला, नव्या घेतलेल्या बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

पियानोला बटण नसतं. हे वाक्य लिहायला किती सोपं आहे. पण मला ते त्या स्टुलावर बसेपर्यंत आठवलं नाही. किंवा आठवलं होतं आणि मी ते बाजूला सारलं होतं. कुणाला ठाऊक, मास्तर म्हणतात तसं खरा पियानो निराळा असेलही. मी दोन ओळी एकटा वाजवल्या. मास्तरांचे डोळे भरून आले. मग त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावला आणि पहिला सूर काढला.

तो आवाज मी सांगू शकत नाही. दोन माणसं एकाच दारातून एकदम आत शिरायला बघतात आणि अडकतात, तसं काहीतरी. बाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला.

मास्तर थांबले. अदबीनं म्हणाले, "बाई, पियानो चढलाय तुमचा."

"नाही हो. परवाच तर लावून गेले. त्यांच्याकडं यंत्र असतं, त्याच्यावर बघून लावतात."

मास्तरांनी पुन्हा सूर काढला. मी पुन्हा पट्टी दाबली. तेच. ते माझ्याकडं वळले. "सर, पेटी पन अशीच होती ना?"

"हो, मास्तर."

"दोन चढी?"

"दोन."

त्यांनी क्लॅरिनेट खाली घेऊन त्याच्याकडं बघितलं. "म्हंजे समदं जग बरोबर हाय," म्हणाले. "उतरलेला म्याच हाय."

मी घाईघाईनं म्हणालो, मी दोन पट्ट्या खाली सरकून वाजवतो. तिसऱ्या ओळीत माझी बोटं काळ्या पट्ट्यांत अडकली. ते म्हणाले, मी दोन वर वाजवतो. त्यांची बोटं पस्तीस वर्षांच्या सवयीनं जुन्याच जागी पडत होती आणि दात हलत होता. दोन-चारदा प्रयत्न करून त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, आतून फडकं फिरवलं, पेटीत ठेवले. बाईंनी दिलेली मुरमुऱ्यांची सुशीला शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली, छान झाली म्हणाले. फाटकाशी चपला घालताना त्यांना एका चपलेचा अंगठा सापडेना, मी तो धरून त्यांच्या पायात घातला.

परतीच्या गाडीत मी सांगून टाकलं, की मला माहीत होतं. ते रागावले नाहीत, हेच वाईट झालं. अहमदपूर आलं. मग म्हणाले, "सरकायचं म्याच. पियानोचं काई हलवायचं न्हाई."

"दोन्हीपैकी कुठलंही बदललं तरी चालतं, मास्तर. वाजवणं तुम्हालाच अवघड जाईल. त्यापेक्षा मी माझं बदलून घेतो."

"पाव्हन्याला उठवून आपन त्याच्या जागेवर बसत न्हाईत, सर."

चार ट्रंका भरून असलेलं काम नव्यानं लिहायचं वय त्यांचं नव्हतं. त्यांनी एकच गाणं घेतलं, आजारी पोराचं. क्लॅरिनेटची ओळ दोन पट्ट्या वर चढवून नव्या पत्रिकेवर उतरवली आणि सत्तराव्या वर्षी बोटांना नव्या जागा शिकवायला बसले. दुपारी मी वर पेपर तपासत असायचो आणि खालून तीच एक ओळ यायची, चुकायची, थांबायची, पुन्हा यायची. दात कापसाची बारीक वळी लावून टिकवला होता. दसऱ्याला मी आपटा द्यायला खाली गेलो तर म्हणाले, "बसलं, सर. चला लातूरला."

मी म्हणालो, परीक्षा आहेत, झाल्या की जाऊ.

परीक्षा झाल्या. "चला," म्हणाले.

मी म्हणालो, दिवाळी होऊ द्या.

परीक्षा होत्या हे खरं, दिवाळी होती हेही खरं. पण त्यापेक्षा खरं हे की मला लाज वाटत होती. त्या घरात पुन्हा जाऊन बसायचं, बाई पुन्हा ट्रे घेऊन येणार, पुन्हा काही चुकलं तर? मावसबहीण फोनवर हसली होती, "तुझे ते बँडवाले आजोबा काय म्हणतात?" म्हणून. तेवढ्यावरून मी एका माणसाचं एकुलतं एक काम पुढं ढकललं. मास्तर आपले "हाव, दिवाळी होऊ द्या," म्हणाले.

मी गावाला गेलो आणि भाऊबीजेनंतरही आठवडाभर रमलो. परत आलो तेव्हा मास्तर ओट्यावर बसले होते, तोंडाला रुमाल लावून. मला बघून त्यांनी चार बोटं वर केली. समोरचे चार गेले होते. एकाला धरून शेजारचेही हलत होते, दातांच्या डॉक्टरनं एकदमच काढले.

"कवळी बसवू, मास्तर."

"सांगितलीय. बगू."

कवळी आली. त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावला, फुंकर मारली, आणि कवळी वाद्याबरोबर वर उचलली गेली. तीन दिवस रोज हेच. चौथ्या दिवशी पाच वाजता मी आपणहून खाली गेलो, तर दुसरी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती आणि कॅसिओवर टॉवेल पांघरला होता. मास्तर शेंगा फोडत होते. "बसा की," म्हणाले आणि पलंगावर जागा केली. आम्ही शेंगा खाल्ल्या. 

संक्रांतीच्या सुमाराला मीच म्हणालो, "मास्तर, चला लातूरला."

"आता कशाला?"

"तुम्ही लिहिलेला पियानो तुम्ही कधी पुरा ऐकलाच नाही. मी वाजवतो, तुम्ही ऐका."

ते तयार झाले. निघताना बघतो तर क्लॅरिनेटची पेटी बरोबर घेतलेली. त्यांनीच सांगितलं, "घरी एकटाच कामून ठिवायचा?"

बाईंनी या वेळी फाटकाशी येऊन स्वागत केलं, तिळगूळ दिला. मास्तर पियानोशेजारच्या खुर्चीत बसले. त्यांनी क्लॅरिनेट जोडला, पण रीड लावली नाही. तोंडापासून वीतभर खाली धरला. मला मानेनं इशारा केला.

मी वाजवायला लागलो. चारही पानं, एकही सूर न चुकवता वाजवायची, असं ठरवून महिनाभर तयारी केली होती. जिथं त्यांनी श्वासाची खूण केली होती तिथं मी थांबत होतो, जिथं ते लांब सूर धरणार होते तिथं खालच्या पायऱ्या हळूहळू बदलत होतो. डोळे कागदावर होते. कडेनं एवढंच जाणवत होतं की मास्तरांची बोटं क्लॅरिनेटवर उघडमीट करताहेत, दोन पट्ट्या वरच्या, नव्या शिकलेल्या जागांवर. शेवटचा सूर विरला आणि मी हात उचलले.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, त्यांना दोष नाही. "छान वाटलं," म्हणाल्या. "पण सर, नुसतं मागचं-मागचंच वाजतंय असं वाटत राहिलं. यातलं गाणं कुठंय?"

मास्तरांनी चमकून वर बघितलं. "म्हंजे? गानं म्या वाजवून राहिलो होतो की, बाई."

बाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. चहा आणायला आत गेल्या.

मास्तर माझ्याकडं वळले. चेहरा घामानं भिजला होता, खरंच वाजवून उठल्यासारखा. हळूच म्हणाले, "सर, तुमाला तर ऐकू आलं ना?"

"आलं, मास्तर," मी म्हणालो.

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. पान चुकू नये म्हणून मी कागदाकडं बघत होतो. दिवाळीच्या आधी गेलो असतो तर आम्हा तिघांनाही ऐकू आलं असतं.